शाळा सुटल्यावरचे तास
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवीपर्यंत शिकलेली, चूल-मूल सांभाळणारी बाई. भाषण करण्याची सवय नाही. पण विषय आपल्या घरातलाच आहे, म्हणून धीर करून उभी राहिले आहे.

शाळा सुटल्यापासून दिवेलागणीपर्यंत मूल कुठे असते? पूर्वी अंगण होते, आजी होती, शेजारची काकू होती. आता आपल्यातल्या कित्येकजणी कामावर जातात. दाराला आतून कडी, हातात मोबाईल, अशी मुलाची संध्याकाळ जाते. म्हणून आपण क्लास शोधतो. पण साडी घेताना पदर उलटून पाहणाऱ्या आपण, क्लास मात्र शेजारणीचा मुलगा जातो म्हणून ठरवतो!

आधी वेळेचा हिशेब मांडा. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला रात्री 9 ते 12 तास झोप हवी, असे डॉक्टर सांगतात. दहा तास झोपेचे, सहा-सात शाळेचे आणि जाण्यायेण्याचे, तीन-चार जेवण, आंघोळ, अभ्यासाचे. उरले जेमतेम चार. त्यातला एक तास तरी रोज अंग घामेजेल असे खेळणे हवे. जागतिक आरोग्य संघटनाही 5 ते 17 वर्षांच्या मुलांसाठी हेच सांगते. मग तीन-तीन क्लास कुठे बसवणार? एकच निवडावा, पण पारखून निवडावा.

शाळेत दिवसभर बसलेल्या मुलाला पुन्हा बसवण्याआधी विचार करा. मोठ्या कोचिंग क्लासांनी 16 वर्षांखालच्या मुलांना घेऊ नये, असे केंद्र सरकारने जानेवारी 2024 मध्ये सुचवले आहे. शाळेतल्या शिक्षकांनी खाजगी शिकवणी करू नये, असे 2009 चा शिक्षण हक्क कायदा सांगतो. तेव्हा वर्गातल्या बाईंनीच "माझ्याकडे पाठवा" म्हटले, तर भिडेपोटी हो म्हणू नका. मूल एखाद्या विषयात खरोखरच मागे असेल, तर तेवढ्यापुरती मदत जरूर घ्यावी.

मुलाला हुंदडायची हौस असेल, तर मैदानावर पाठवा. दादरच्या शिवाजी पार्कवरचे श्री समर्थ व्यायाम मंदिर 1925 पासून मुलांना घडवत आहे. तिथला मल्लखांब प्रसिद्ध आहे. हाताने काही करायची आवड असेल, तर पुण्याच्या गरवारे बालभवनासारखी जागा पाहा. शोभा भागवत यांनी ते कित्येक वर्षे सांभाळले. खेळ, गाणी, नाटक, चित्रे यांतूनच मूल शिकते, हा तिथला विचार. आपल्या गावात एवढे मोठे काही नसेल, तर वाचनालयाचा बालविभाग किंवा तालीम शोधा.

जागा ठरली की न सांगता एकदा जा आणि अर्धा तास बसा. बसू देत नसतील, तर तिथूनच परत फिरा. पहिल्या रांगेतल्या हुशार मुलाकडे पाहू नका. ज्याला येत नाही, त्याच्याशी कसे बोलतात ते ऐका. एका शिक्षकामागे मुले किती ते मोजा. पाणी, संडास, त्याची आतली कडी पाहा. मुलाला न्यायला कोण आले, हे पाहिल्याशिवाय सोडतात का, ते विचारा. फी महिन्याचीच भरा. वर्षाची एकदम भरली, तर मूल रडले तरी पैशांपायी आपण पाठवत राहतो.

माझ्या ओळखीच्या एका मुलीच्या पोटात दर मंगळवारी आणि गुरुवारी दुखे. औषधे झाली, दृष्ट काढून झाली. शेवटी आईच्या ध्यानात आले, की ते क्लासचे वार! जाऊन पाहिले, तर चुकणाऱ्या मुलांना तिथे सर्वांसमोर उभे करून हसत. क्लास सुटला आणि पोटदुखीही गेली. मूल "नको" म्हणते तेव्हा त्याला आळशी म्हणण्याआधी जवळ बसवून कारण विचारा. कुणाच्या वागण्याची, अंगाला हात लावण्याची भीती असेल, तर लोकलाजेने झाकू नका. 2012 पासून त्यासाठी पोक्सोचा कडक कायदा आहे, आणि 1098 या नंबरावर फुकट फोन करता येतो.

आता शेवटचे. हे सगळे पारखायला सवड आणि फीला पैसे ज्यांच्यापाशी नाहीत, त्या धुणीभांडी करणाऱ्या, कारखान्यात जाणाऱ्या भगिनींच्या मुलांचे काय? आपल्या मंडळाची ही खोली रोज संध्याकाळी पाच ते सात कुलूपबंद असते. बाराजणी पुढे आल्या, तर सोमवार ते शनिवार रोज दोघी बसू शकतील. प्रत्येकीच्या वाट्याला आठवड्यातून एकच संध्याकाळ येईल. सतरंजी आपली आहे, गोष्टीची पुस्तके घराघरांतून येतील, आणि मूठभर चुरमुरे कुणालाही जड नाहीत.

पहिले नाव माझे लिहून घ्यावे. मंगळवार मला सोयीचा आहे. उरलेल्या अकराजणींनी चहाच्या वेळी चिटणीसबाईंकडे नावे द्यावीत, एवढी विनंती करून मी आपली रजा घेते.