दोन भाषांवरचा अंमल

श्लेस्विग हा जटलंड द्वीपकल्पातील प्रांत डेन्मार्क आणि जर्मन मुलूख यांच्या मध्ये वसलेला आहे. १८६४ पर्यंत डेन्मार्कचा राजाच तेथला ड्यूक असे. हादरस्लेव, टोंडर, फ्लेन्सबर्ग अशा एकेका विभागावर राजाच्या वतीने 'अम्टमन' हा अधिकारी अंमल करी. बंदोबस्त आणि मुलकी कारभार तर त्याच्याकडे असेच. शिवाय ज्येष्ठ धर्माधिकाऱ्याच्या जोडीने चर्च आणि शाळा यांवर देखरेखही तोच ठेवी. त्यामुळे वरून आलेला भाषेचा प्रत्येक हुकूम गावात पोहोचविण्याचे काम त्याच्यावर पडे.

उत्तरेकडील शेतकरी घरी डॅनिश बोले आणि चर्चमध्ये डॅनिश प्रवचन ऐके. परंतु कचेरीत आणि न्यायालयात त्याच्यापुढे जर्मन कागद येई. राजा आठवा ख्रिश्चन याने १८४० मध्ये तेथील कारभाराची भाषा डॅनिश केली आणि ही विसंगती दूर केली.

मधल्या पट्ट्यात मात्र स्थिती निराळी होती. तेथे अनेक घरांत डॅनिश बोली नांदत असली, तरी चर्च आणि शाळा पिढ्यान्‌पिढ्या जर्मन होत्या. १८४८ मध्ये पेटलेल्या युद्धातून डेन्मार्क सावरताच, १८५१ मध्ये, तेथील शाळा डॅनिशमधून चालाव्यात आणि उपासना आळीपाळीने दोन्ही भाषांत व्हावी, अशी आज्ञा निघाली. मावळती भाषा जगवावी हा तिचा हेतू होता. परंतु आंगेलन भागात घरी डॅनिश बोलणारे शेतकरीही या आज्ञेने दुखावले गेले. प्रार्थनेची आणि प्रतिष्ठेची भाषा ते जर्मन मानीत. आज्ञेने ते डेन्मार्कच्या जवळ आले नाहीत, उलट दुरावले.

१८६४ च्या युद्धानंतर सत्ता पालटली. प्रशियन अमलात अम्टमनाच्या जागी 'लांडराट' आला, आणि १८८८ मध्ये धर्मशिक्षणाचे काही तास वगळता सर्व शिक्षण जर्मनमधून देण्याचा हुकूम सुटला. त्याचाही परिणाम उलटाच झाला. उत्तरेतील डॅनिश कुटुंबांनी आपल्या भाषेसाठी संस्था उभारल्या आणि मुलांना शिक्षणासाठी सीमेपलीकडे धाडले.

१९२० च्या सार्वमतात उत्तर विभागात सुमारे ७५ टक्के मते डेन्मार्कला, तर मधल्या विभागात सुमारे ८० टक्के मते जर्मनीला पडली. पुढे १९५५ मध्ये दोन्ही सरकारांनी आपापल्या देशातील अल्पसंख्याकांविषयी घोषणा केल्या. आपण कोणत्या समाजाचे, हे प्रत्येकाने स्वतः ठरवावे, आणि कोणत्याही अधिकाऱ्याने त्याची चौकशी करू नये, असे तत्त्व त्यांत मान्य झाले. जे काम शंभर वर्षांपूर्वी अम्टमनावर लादले गेले होते, ते अशा रीतीने अधिकाऱ्यांच्या हातून कायमचे काढून घेतले गेले.