पुस्तक हातात, फोन मदतीला

(गणेशोत्सवातील पालकसभेत केलेले भाषण)



मंडळाने आज आम्हाला ‘मुलांच्या पुस्तकचर्चेत तंत्रज्ञानाचा उपयोग’ या विषयावर बोलायला सांगितले आहे. आम्ही शिक्षक नाही, साहित्यिकही नाही. पदविका घेऊन राज्य सरकारच्या नोकरीत लागलो आणि रविवारी मंडळातल्या दहा-बारा मुलांना घेऊन बसतो, एवढाच आमचा अधिकार. जे करून पाहिले, तेवढेच सांगतो.

इंदूरमधली आपली मुले घरी मराठी बोलतात आणि शाळेत हिंदी-इंग्रजी शिकतात. लिपी एकच, तेव्हा मराठी पुस्तक त्यांना सहज वाचता येईल असे आपण धरून चालतो. पण ‘चार’ आणि ‘चांगला’ यांतला ‘च’ लिहायला एक आणि बोलायला वेगळा. हे छापील अक्षर सांगत नाही. ‘ळ’ तर शाळेच्या हिंदी धड्यात भेटतच नाही. मूल अडखळते, चार जणांत हसे होईल म्हणून गप्प बसते. मग चर्चेत दोन चुणचुणीत मुले बोलतात आणि बाकीची सतरंजीचे दोरे ओढत बसतात. खरी अडचण पुस्तकांच्या टंचाईची नाही. प्रत्येक मुलाला बोलायची पाळी आणि विचार करायला सवड मिळत नाही, ही आहे. फोन इथे उपयोगी पडतो.

आम्ही सुरुवात ‘श्यामची आई’ने केली. साने गुरुजींनी हे पुस्तक १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले. त्यात ४२ रात्री आहेत. आठवड्याला दोन रात्री घेतल्या की २१ आठवडे होतात; आकडाही बाप्पाच्या आवडीचा! आणखी एक सोय म्हणजे, आपल्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो. गुरुजी १९५० साली गेले, म्हणून २०११ पासून त्यांचे लेखन सर्वांना खुले आहे. त्याची पाने मुलांना फोनवर पाठवण्यात काही गैर नाही. हयात लेखकाचे पुस्तक मात्र विकत घ्यावे किंवा वाचनालयातून आणावे. त्याची पीडीएफ गटात फिरवणे म्हणजे चोरीच.

आता पद्धत. गुरुवारी एक आजी किंवा आजोबा त्या आठवड्याच्या दोन्ही रात्री मोठ्याने वाचून ध्वनिमुद्रण व्हॉट्सॲपवर पाठवतात. मुले पुस्तक समोर धरून ते ऐकतात. अडलेला ‘च’ आणि ‘ळ’ कानावाटे सुटतो. शुक्रवारी एक मूल प्रश्न पाठवते. अट एकच, ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणून सुटका होईल असा प्रश्न चालणार नाही. शनिवारी प्रत्येकाने एक मिनिटाचे उत्तर आपल्या आवाजात पाठवायचे, पण गटात नाही, एकट्या सूत्रधाराकडे. तो रात्री सगळी उत्तरे एकदम गटात टाकतो. असे का? पहिल्याचे उत्तर ऐकले की दुसरा म्हणतो, ‘मलाही तसंच वाटतं’, आणि चर्चा तिथेच संपते. सरकारी फाइलवर पहिला शेरा पडला की पुढचे सगळे ‘सहमत’ लिहितात, तसे!

पोहायला घाबरून लपलेल्या श्यामला आई मारून विहिरीवर पाठवते, त्या रात्रीचा प्रश्न होता, ‘आईने दुसरे काय करायला हवे होते?’ समोरासमोर विचारले असते, तर ‘आईचेच बरोबर’ असे सगळ्यांनी एका सुरात सांगितले असते. आवाजी उत्तरांत मात्र आठ जणांची आठ मते निघाली. बैठकीत कधीच तोंड न उघडणारी एक मुलगी म्हणाली, “भीती वाटते हे श्यामने आईला आधी सांगायला हवे होते; पण सांगितले असते तर तिने ऐकले असते का?” हे ऐकून आम्ही पालकच एकमेकांकडे पाहू लागलो.

ओटी, पडवी, माजघर हे शब्द फ्लॅटमध्ये वाढलेल्या मुलांना कळत नाहीत. गटात कोणी कोकणातल्या घराचा फोटो टाकतो, कोणाच्या आजी कागदावर नकाशा काढून पाठवतात. मुलांना मराठी टंकायचा कंटाळा येतो. मग रोमन लिपीत लिहितात. त्यावर उपाय म्हणजे फोनच्या कळफलकावरचे माइकचे चिन्ह. भाषा मराठी निवडून बोलले की देवनागरी अक्षरे उमटतात. फोन चुकीचे लिहितो तेही बरेच. ‘ण’चा ‘न’ झाला की मूलच यंत्राची चूक काढते आणि शुद्धलेखन शिकते.

दोन पथ्ये पाळावीत. व्हॉट्सॲपच्या नियमाप्रमाणे १३ वर्षांखालील मुलांना स्वतःचे खाते उघडता येत नाही. त्यांनी आई-वडिलांचा फोन वापरावा आणि गटात पालक असावेत. दुसरे, रविवारच्या बैठकीत सगळे फोन टोपलीत ठेवायचे, आमचाही. तिथे फक्त पुस्तक आणि माणसे. शनिवारी विचार करून बोललेले मूल रविवारी रिकाम्या हाताने येत नाही. वाद घालायला तयार होऊन येते. घरच्या तयारीला फोन, भांडायला सतरंजी!

पुढच्या फेरीत ग्वाल्हेरचे राजकवी भा. रा. तांबे यांच्या कविता घ्याव्यात असा विचार आहे. तांबे १९४१ साली गेले, तेव्हा त्यांच्या कविताही आता खुल्या आहेत. ते आपल्याच मध्य भारताचे कवी. त्यांच्या कविता वाचायला मुलांनी पुण्याकडे कशाला पाहायचे?

शेवटी ज्येष्ठांना एक विनंती. मुलांना मराठी येत नाही अशी तक्रार आपण दर वर्षी याच मांडवात करतो. यंदा तक्रारीऐवजी दहा मिनिटांचा आवाज द्या. तुमचा उच्चार, तुमचा हेल कोणत्याही यंत्रात तयार मिळत नाही. यंत्र तो फक्त नातवंडांपर्यंत पोहोचवते. आरतीनंतर बाहेरच्या टेबलावर वही ठेवली आहे. आजी-आजोबांनी नाव आणि सोयीचा गुरुवार लिहावा. फोन कसा चालवायचा ते नातवंडे शिकवतील.

गणपती बाप्पा मोरया!