जुन्या वास्तूला नवी पडवी

वडिलोपार्जित घरांत राहणाऱ्या माणसाला एक ना एक दिवस मोठा पेंच पडतो. घर जुनें, भिंती दोन हात रुंद, जिना अरुंद आणि काळोखा, न्हाणीघर मागच्या अंगणापलीकडे. वृद्धांना रात्रीं-अपरात्रीं तेथवर जाववत नाहीं, मुलांना अभ्यासाला उजेड पुरत नाहीं. घरांतील एक पक्ष म्हणतो, “वाडवडिलांच्या भिंतीला पहार लावूं नका.” दुसरा म्हणतो, “मग भिंती सांभाळण्यासाठीं माणसांनीं दुसरीकडे बिऱ्हाड करावें काय ?” दोघांचेंही म्हणणें खरें असतें, आणि म्हणूनच हा तंटा मिटावयास कठीण जातो.

इंग्लंडांत या घरगुती तंट्यांत कायदा पंच म्हणून बसला आहे. तेथें १९४७ सालच्या नगररचनेच्या कायद्यानें महत्त्वाच्या ऐतिहासिक इमारतींच्या याद्या करण्याची पद्धत देशभर घातली. घर यादींत आलें म्हणजे मालकी जात नाहीं. परंतु घराच्या मूळ स्वरूपाला बाध येईल असा फेरफार करावयाचा, तर आधीं परवानगी घ्यावी लागते, आणि ती न घेतां काम करणें हा फौजदारी गुन्हा ठरतो. तथापि ‘हात लावूं नका’ असा या यादीचा अर्थ नाहीं. ‘समजून आणि विचारून लावा’ एवढाच आहे. मग खरा प्रश्न उरतो तो हा, कीं जुन्याला जोडलेलें नवें काम जुन्यासारखें दिसावें, कीं नव्यासारखें ?

या प्रश्नाचा विचार करण्यास लंडनच्या आग्नेयेकडील एल्टम येथील राजवाड्यासारखें दुसरें उदाहरण क्वचित् सांपडेल. तेथें चौथ्या एडवर्ड राजानें १४७० नंतरच्या दशकांत एक भव्य सभागृह बांधलें. मध्यें एकही खांब नसलेलें त्याचें ओक लांकडाचें छप्पर इंग्लंडांतील या जातीच्या सर्वांत मोठ्या छपरांपैकीं एक गणलें जातें. आठव्या हेन्रीचें बालपण याच वाड्यांत गेलें. पुढें राजे फिरकेनासे झाले, सतराव्या शतकांतील यादवीनंतर बाकीचा वाडा ढासळला, आणि ज्या सभागृहांत राजांच्या पंक्ती उठल्या, तें शेतकऱ्याचें कोठार बनलें. वापर बदलला, पण सुटला नाहीं, म्हणूनच कदाचित् तें छप्पर टिकलें.

१९३३ सालीं कापडधंद्यांत नांवाजलेल्या कोर्टोल्ड घराण्यांतील स्टीफन आणि त्यांची पत्नी व्हर्जिनिया यांनीं ही जागा ९९ वर्षांच्या पट्ट्यानें घेतली. सीली आणि पॅजेट या वास्तुकारांनीं सभागृहाला जोडून नवें घर उभारलें. तें १९३६ सालीं पुरें झालें. बाहेरून लाल विटांचें, आंत सर्वस्वीं विसाव्या शतकाचें. प्रवेशदालनावर कांचेचा घुमट, खोलीखोलींतून वीज, आणि घरभर झाडलोट करण्यासाठीं तळघरांत बसविलेलें धूळ ओढणारें यंत्र. घरच्या पाळीव लेमूरसाठीं उबदार पिंजराही करण्यांत आला होता. सभागृहाचें छप्पर मात्र मूळ जागीं राहिलें, आणि दालनाच्या दारांतून तेथें जातां येऊं लागलें.

टीका व्हावयाची ती झालीच. वर्तमानपत्रांत एका इतिहासकारानें या नव्या घराला सिगारेटच्या कारखान्याची उपमा दिली. परंतु काळानें या टीकेची धार बोथट केली. सप्टेंबर १९४० मध्यें आगलावे बाँब पडून सभागृहाच्या छपराची हानि झाली, त्या काळांत खुद्द स्टीफन कोर्टोल्ड आगीवर पहारा करीत असत. ज्या घरांत माणसें राहतात, त्या घराला पहारेकरी निराळा नेमावा लागत नाहीं. ओसाड वाड्यावर ठिणगी पडली, तर ती दिसावयाची कोणाला ? १९४४ सालीं कोर्टोल्ड दंपती तेथून गेलीं. त्यानंतर लष्कराच्या शिक्षणखात्यानें जागा वापरली, आणि आज हीं दोन्हीं घरें, राजाचें आणि कोर्टोल्डांचें, एकाच वास्तूचे दोन अध्याय म्हणून लोक पाहावयास जातात.

परंतु एल्टमचा खरा धडा याहून बारीक आहे. सभागृहाच्या एका टोकाला वादकांसाठीं म्हणून एक लांकडी सज्जा आहे. पाहणाऱ्याला तो सहज चौथ्या एडवर्डच्या काळचा वाटतो. पण तो कोर्टोल्डांच्या वेळचा आहे. कांचेचा घुमट कोणालाही फसवीत नाहीं. जुन्याचें सोंग घेतलेला हा सज्जा फसवितो. जुन्या वास्तूचा अपमान नव्या वस्तूनें होत नाहीं, तर जुन्याच्या नांवावर खपविलेल्या नव्यानें होतो. १९६४ सालीं व्हेनिस येथें तज्ज्ञांनीं जुन्या वास्तूंच्या जतनाची जी सनद तयार केली, तिच्यांतही हेंच तत्त्व आहे : जोड अपरिहार्यच असेल, तर तिच्यावर तिच्या काळाची खूण असावी, आणि मूळ वास्तूच्या महत्त्वाच्या भागांस व समतोलास तिनें धक्का लावूं नये.

हें तत्त्व अलीकडे वॉरिकशायरमधील ॲस्टली कॅसल या खंदकानें वेढलेल्या जुन्या गढींत पाहावयास मिळतें. १९७८ सालीं आगींत ती जळाली आणि अनेक वर्षें उघडी पडून राहिली. मोडक्या भिंती पुन्हां पूर्वीसारख्या रचून खोटी गढी उभारण्याऐवजीं वास्तुकारांनीं त्या भिंतींच्या आंतच विटांचें आणि लांकडाचें नवें घर बसविलें. शेजघरें खालीं, बैठक वर, म्हणजे उजेड आणि जुन्या भिंतींचें दर्शन बैठकीच्या वाट्याला. जुना दगड कोठें संपतो आणि नवी वीट कोठें सुरू होते, हें पोरालाही समजतें. या कामाला २०१३ सालीं ब्रिटनमधील वास्तुकलेचें मानाचें स्टर्लिंग पारितोषिक मिळालें.

तत्त्व झालें, पण घर तत्त्वावर उभें राहत नाहीं, पायावर राहतें. नव्या कामाचा पाया खोदतांना जुन्या भिंतीच्या बुडाखालची माती सुटली, तर शंभर वर्षें न हललेली भिंत एका पावसाळ्यांत तडकते. जुनी भिंत चुन्याची. ती ओल शोषते आणि वाऱ्याबरोबर सोडून देते. तिच्यावर सिमेंटचा कठीण लेप चढविला, कीं ओल आंत कोंडते, आणि मग दगड आणि वीट यांचेच पापुद्रे सुटूं लागतात. दोन छपरें भेटतात त्या पन्हळींतून पाणी सुखरूप बाहेर पडावें, सांधा शक्य तितका लहान असावा, आणि उद्यां नातवानें नवें काम काढून टाकावयाचें ठरविलें, तर जुनें घर अखंड मिळावें, असें बांधणें हेंच शहाणपणाचें.

मुंबईंत वारसा-इमारतींचे नियम १९९५ सालीं लागू झाले आणि इमारतींचे तीन वर्ग ठरविण्यांत आले. परंतु महाराष्ट्रांतील गांवोगांवचे असंख्य वाडे कोणत्याच यादींत नाहींत. तेथें पंच बसवावयाचा, तर तो घरांतील माणसांच्या जाणिवेचाच. आजोबांच्या लांकडी खांबाला धक्का न लावतां मागल्या अंगाला आजींसाठीं उजेडाचें, निसरडें नसलेलें न्हाणीघर बांधतां येतें. त्याला खोट्या महिरपी लावण्याचें कारण नाहीं. आजोबांनीं आपल्या काळचें घर प्रामाणिकपणें बांधलें. नातवानें आपल्या काळची पडवी तितक्याच प्रामाणिकपणें बांधावी, आणि संध्याकाळीं दोन्हींकडे दिवा लागावा. वास्तूला यापेक्षां अधिक कांहीं नको असतें.