उडती तबकडी आणि पाहणाऱ्याची साक्ष

२ एप्रिल २०२२ हा दिवस आठवा. गुढीपाडवा होता. गुढ्या उतरल्या होत्या, घरोघर पुरणाचा वास होता, आणि रात्री पावणेआठच्या सुमारास विदर्भावरून व मध्यप्रदेशाच्या काही भागावरून पेटत्या ठिणग्यांची एक रांग सरकत गेली. दुसऱ्या दिवशीच्या छापील हकिकतींत कोणी उल्का म्हटले, कोणी विमान, कोणी उडती तबकडी. इकडे चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यातील लाडबोरीला, सुमारे तीन मीटर व्यासाचे धातूचे कडे पडले होते. जवळपास गोळेही सापडले.

आरंभी जाणकारांपैकी काहींनी त्याच दिवशी न्यूझीलंडहून सुटलेल्या रॉकेटकडे बोट दाखवले. नंतर कक्षांचा हिशेब जुळला तो चीनच्या चांग झेंग ३ बी रॉकेटच्या तिसऱ्या टप्प्याशी. तो फेब्रुवारी २०२१ पासून पृथ्वीभोवती फिरत होता. तेव्हा पहिला अंदाज तज्ज्ञाचाही चुकतो. शेतकऱ्यालाच हसायचे कारण नाही.

मग साक्षीवर विश्वास किती ठेवायचा? माझे मत असे की माणूस खरा की खोटा हा प्रश्न आधी विचारूच नये. त्याच्या हकिकतीत डोळ्यांनी पाहिलेले किती आणि मनाने जोडलेले किती, एवढे निवडावे. सुपात धान्य घोळवतात तसे. ‘ओळीने दिवे होते, सगळे एका चालीने गेले’ हे पाहिलेले. ‘लांबट यान होते, त्याला खिडक्या होत्या’ हे जोडलेले. ३ मार्च १९६८ रोजी रशियाच्या झोंड-४ मोहिमेतील रॉकेटचे अवशेष अमेरिकेवर जळत गेले, तेव्हा शिकल्यासवरल्या माणसांनीही उजळलेल्या खिडक्यांचे यान पाहिल्याचे लिहून दिले. ती माणसे लबाड नव्हती. अंधारात सुटे दिवे दिसले की त्यांच्यामधले अंग मन स्वतःच भरते.

सर्वांत कच्चा असतो तो अंतराचा अंदाज. ‘संत्र्याच्या बागेवरूनच गेले’ असे कोणी सांगेल. वस्तू मात्र साठ-सत्तर किलोमीटर उंचीवर असते. म्हणून उंची विचारू नका. कुठे उभे होता, कोणत्या झाडामागून निघाले, कुठल्या घरामागे बुडाले, एवढे विचारा. हात लांब करून मूठ धरली की आभाळाचे साधारण दहा अंश झाकले जातात. किती मुठी वर होते, हे निरक्षर म्हाताराही अचूक दाखवतो. किती वेळ दिसले? उल्का बहुधा काही क्षणांत विझते, हे प्रकरण मिनिटभर रेंगाळते.

आणि आवाज. एवढ्या उंचीवरून आवाज खाली पोचायला तीन-चार मिनिटे लागतात. ‘उजेडाबरोबरच गडगडाट झाला’ असे छापलेले दिसले तर तिथे पेन्सिलीची खूण करा. पण एखादी बाई म्हणाली, ‘उजेड गेला, मी आत येऊन ताटं मांडली, अन् मग कुठंतरी धडधडलं,’ तर तिचे म्हणणे शब्दशः उतरवून घ्या.