शेवटची फेरी आणि पंचाचा अधिकार

(गणेशोत्सवानिमित्त कृष्णपुरा येथे झालेल्या व्याख्यानाचा संक्षिप्त मजकूर)



गणपतीच्या मांडवात मोटारींच्या शर्यतीवर व्याख्यान, हे ऐकून काही जणांच्या भुवया वर गेल्या, ते मी इथून पाहिलं. पण आपण बसलो आहोत कृष्णपुऱ्यात, होळकरांच्या छत्र्यांच्या शेजारी. त्याच घराण्यातल्या दुसऱ्या यशवंतरावांनी १९३० च्या दशकात अमेरिकन ड्युसेनबर्ग एसजे घेतली आणि तिची बॉडी इंग्लंडच्या गर्नी नटिंगकडून बांधवून घेतली. तेव्हा वेगवान गाडी इंदूरला परकी नाही. आणि पंचगिरी तर अजिबातच नाही. २०२० मध्ये आयसीसीच्या एलिट पॅनेलवर गेलेले नितीन मेनन आपल्या गावचे, त्यांचे वडीलही पंच.

माझा विषय मोटारीपेक्षा पंचाचाच आहे. मी शाळेत खेळशिक्षक होतो, खो-खोच्या मैदानावर शिट्टी घेऊन बरीच वर्षं उभा राहिलो. सामना रंगात आला, वेळ संपत आली, की चारी बाजूंनी एकच ओरड होते: "सर, होऊ द्या हो!" ती ओरड कानावर आली की पंचाची खरी परीक्षा सुरू होते. १२ डिसेंबर २०२१ ला अबुधाबीत ही परीक्षा साऱ्या जगासमोर झाली.

फॉर्म्युला वनच्या मोसमातली ती शेवटची शर्यत. लुईस हॅमिल्टन आणि मॅक्स व्हर्स्टॅपन, दोघांचेही गुण बरोबर ३६९.५. शेवटच्या शर्यतीला असे बरोबरीत येणं १९७४ नंतर पहिल्यांदाच घडत होतं. हॅमिल्टन जिंकला तर आठवं विजेतेपद, मायकेल शूमाकरच्या सातांच्या पुढे. व्हर्स्टॅपन जिंकला तर पहिलं. (तो अर्धा गुण कुठून आला? त्याच वर्षी बेल्जियममध्ये पावसामुळे गाड्या सेफ्टी कारच्या मागून नुसत्या फिरवल्या आणि अर्धे गुण वाटले. तोही पंचांचाच निर्णय!)

एकूण ५८ फेऱ्या. हॅमिल्टनने सुरुवातीलाच आघाडी घेतली आणि १४ व्या फेरीत कडक टायर घातले. मध्यंतरी व्हर्स्टॅपनचा सहकारी पेरेझ याने त्याला असा काही अडवून धरला की कित्येक सेकंद गेले. आपल्याकडे कबड्डीत एक गडी स्वतः बाद होण्याची तयारी ठेवून वेळ काढतो, तसंच. तरीही हॅमिल्टन पुन्हा निसटला. ५३ व्या फेरीत तो अकरा-बारा सेकंद पुढे होता आणि शर्यत जवळपास संपल्यात जमा होती. तेवढ्यात मागे पडलेल्या निकोलस लतीफीची गाडी भिंतीवर आदळली आणि सेफ्टी कार मैदानात आली.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. सेफ्टी कार आली की सगळ्यांनी तिच्या मागे रांगेत हळू चालायचं, पुढे जायचं नाही. म्हणजे कष्टाने कमावलेलं अंतर मिटतं. मात्र तेवढ्या वेळात टायर बदलायला थांबलं तर नुकसान कमी होतं.

आता हॅमिल्टनच्या मर्सिडीज संघापुढे पेच पडला. टायर बदलायला थांबावं तर व्हर्स्टॅपन न थांबता पुढे जाणार, आणि शर्यत सेफ्टी कारमागेच संपली तर विजेतेपद हातचं गेलं. न थांबावं तर व्हर्स्टॅपन थांबून नवे मऊ टायर घालणार. मागच्याला हे सुख असतं: पुढचा करील त्याच्या उलट करायचं. मर्सिडीजने हिशेब नियमावरून केला. मोडकी गाडी हटवायला वेळ लागेल. मग एक फेरी मागे पडलेल्या गाड्यांना पुढे जाऊ द्यायचं, आणि त्यानंतरची फेरी संपल्यावर सेफ्टी कार आत घ्यायची. एवढं सगळं पाच फेऱ्यांत बसत नाही. म्हणून हॅमिल्टन थांबला नाही, व्हर्स्टॅपन थांबला. माझ्या मते दोघांचेही निर्णय बरोबर होते. हे मुद्दाम सांगतो, कारण नंतर जो तो मर्सिडीजला शहाणपण शिकवत होता.

दोघांच्या मध्ये मागे पडलेल्या पाच गाड्या होत्या: नॉरिस, अलोन्सो, ओकॉन, लक्लेर आणि वेट्टल यांच्या. रेस डायरेक्टर मायकेल मासी यांनी आधी कळवलं की या गाड्यांना पुढे जाता येणार नाही. दोन्ही संघांचे प्रमुख रेडिओवरून त्यांच्या कानाशी लागले होते. मग ५७ व्या फेरीत निर्णय फिरला. फक्त त्या पाच गाड्यांना पुढे सोडलं, मागे पडलेल्या बाकीच्या तिथेच ठेवल्या आणि आणखी एका फेरीची वाट न पाहता सेफ्टी कार आत बोलावली. उरली एक फेरी. एकाच्या पायात चाळीसहून जास्त फेऱ्या झिजलेले कडक टायर, दुसऱ्याच्या पायात नवे मऊ. पाचव्या वळणावर व्हर्स्टॅपन पुढे गेला आणि जगज्जेता झाला.

मर्सिडीजने तक्रार केली. स्टुअर्ड्सनी ती फेटाळली. सेफ्टी कारबाबत रेस डायरेक्टरचा अधिकार सर्वोच्च आहे, असं नियमातच लिहिलं आहे, हा त्यांचा एक आधार. इथे मी अडतो. सर्वोच्च अधिकार म्हणजे नियम राबवण्याचा अधिकार. खो-खोत पाटीच्या मागची बाजू दिसली नाही तर शंकेचा निर्णय माझा, पण सामना छान रंगावा म्हणून डाव दोन मिनिटं आधी संपवण्याचा हक्क मला कुणी दिला? खेळाडू आपला डाव नियमांवर बेतून मांडतो. डाव मांडून झाल्यावर पट बदलला, तर हुशारीला किंमत काय उरली?

मार्च २०२२ मध्ये जागतिक महासंघाचा अहवाल आला. मासी यांनी सद्हेतूने काम केलं, पण मानवी चूक झाली, निकाल मात्र कायम. मासी यांना त्याआधीच त्या जागेवरून दूर केलं होतं. संघप्रमुखांचा पंचांशी थेट रेडिओवरचा संवाद प्रक्षेपित करणं बंद केलं. नियमातला 'कोणत्याही' गाड्या हा शब्द काढून 'सर्व' गाड्या असा केला. एका शब्दासाठी केवढं रामायण! मासींची मला कीवही येते. सगळ्या जगाला शर्यत हिरव्या झेंड्याखाली संपायला हवी होती, आणि ते एकटे.

कुणी म्हणेल, प्रेक्षकांचं काय? त्यांनी तिकीट कशाला काढलं? त्याचं उत्तर इंडियानापोलिसला शोधा, आणि ती शर्यत आपल्या माणसाचीही आहे. १९ जून २००५. मिशेलिनचे टायर तिथल्या उताराच्या वळणावर टिकणार नाहीत हे दोन दिवस आधी, शुक्रवारी झालेल्या अपघातांनंतर स्पष्ट झालं होतं. संघांनी वळणाच्या आधी तात्पुरता अडथळा घालून वेग कमी करायची मागणी केली. महासंघाने ठाम नकार दिला: ज्यांनी योग्य टायर आणले त्यांना शिक्षा का? मिशेलिनच्या चौदा गाड्या पहिली प्रदक्षिणा घालून आत गेल्या आणि सहाच गाड्या धावल्या. प्रेक्षकांनी बाटल्या फेकल्या. त्या सहांत आपला नारायण कार्तिकेयन चौथा आला आणि पाच गुण मिळवले. लोक त्या गुणांना हसतात. मी हसत नाही. त्याच्या गाडीला ब्रिजस्टोनचे टायर होते, नियमात बसणारे आणि टिकणारे.

आणि ११ सप्टेंबर २०२२ चं माँझा घ्या. फेरारीचं घरचं मैदान. शेवटच्या काही फेऱ्या उरल्या असताना रिकार्डोची गाडी बंद पडली, सेफ्टी कार आली. पुढे व्हर्स्टॅपन, मागे फेरारीचा लक्लेर. सगळे अबुधाबीसारख्या शेवटच्या फेरीची वाट पाहत होते. या वेळी कोणी घाई केली नाही. शर्यत सेफ्टी कारच्या मागेच संपली, व्हर्स्टॅपन जिंकला, आणि फेरारीच्या लाल गर्दीने भरपूर हुर्यो केली.