गगनचुंबी इमारती आणि खणाचे घर

(इस्लापूर येथे ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व गवंडी यांच्यापुढे दिलेले भाषण)



मुंबई पाहून आलेला माणूस पूर्वी समुद्राचे वर्णन करीत असे. आता तो मजले मोजून सांगतो. १९६१ मध्ये कारमायकेल मार्गावर ‘उषाकिरण’ ही २५ मजली इमारत उभी राहिली, तेव्हा ती नवलाची गोष्ट होती. आज लोअर परळचा ‘वर्ल्ड वन’ ७६ मजल्यांचा, २८० मीटर उंच आहे. ती जागा श्रीनिवास मिलची. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले; पुढे धुराडी थंडावत गेली आणि त्या जमिनींवर मनोरे चढले. गिरणगावाचे काय झाले, हा वेगळ्या भाषणाचा विषय आहे; तथापि उंची सांगताना खालच्या जमिनीचा इतिहास वगळू नये, असे मला वाटते.

इतके मजले उभे राहतात कसे? पूर्वी सारा भार भिंती पेलीत. मजले वाढले की तळाच्या भिंती इतक्या जाड कराव्या लागत, की खोलीला जागाच उरत नसे. १८८५ मध्ये शिकागो येथील एका दहा मजली इमारतीत हा भार मुख्यत्वे लोखंड-पोलादाच्या सांगाड्यावर घेण्यात आला. पुढे भिंत केवळ आडोसा म्हणून उरली. दोर तुटला तरी न कोसळणारी लिफ्ट ओटिस यांनी त्याआधीच, १८५०च्या दशकात, दाखविली होती. मूळचे ढाक्याचे अभियंता फझलूर रहमान खान यांनी १९७०च्या दशकात शिकागोचा ४४२ मीटर उंच सीअर्स टॉवर नळ्यांच्या जुडग्यासारखा रचला, तो वाऱ्याचा आडवा रेटा पेलावा म्हणून. वजन सरळ खाली जाते, त्याचा हिशेब सोपा असतो; वारा आणि भूकंप आडवे येतात.

सांगाड्याची ही कल्पना आपणांस परकी नाही. खणाचे घर आठवा. लाकडी खांब, त्यांवर तुळया आणि वर मातीचे माळवद. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेशविसर्जनानंतरच्या रात्री, किल्लारी परिसरात भूकंप झाला. तो भाग तेव्हाच्या नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती दुभंगल्या, माळवदाची माती अंगावर आली आणि हजारो माणसे झोपेतच दगावली. काही ठिकाणी मात्र भिंती पडल्या आणि लाकडी सांगाडा उभा राहिला. भिंतीचे दोन पदर बांधणारे आरपार दगड नव्हते, कोपरे सांधलेले नव्हते. बैठ्या घरांनी माणसे मारली, हे आपण मराठवाड्यात तरी विसरू शकत नाही.

उंचीची हौस आता तालुक्याच्या गावी पोहोचली आहे. तिला माझा विरोध नाही. जमीन महाग झाली की माणूस वर चढणारच. परंतु मुंबईच्या मनोऱ्याच्या मागे मातीची परीक्षा, वाऱ्याचा हिशेब आणि अभियंत्याची सही असते. आपल्याकडे खाली दुकानांसाठी मोकळे कॉलम, वर तीन मजले आणि आराखडा ठेकेदाराच्या डोक्यात! २६ जानेवारी २००१ रोजी कच्छमध्ये भूकंप झाला. केंद्रापासून दोनशे किलोमीटरहून दूर असलेल्या अहमदाबादेतही इमारती कोसळल्या. त्यांत तळमजला असा मोकळा ठेवलेल्या चार-पाच मजली इमारती बऱ्याच होत्या. आपल्याजवळ हिंगोलीतही मार्च आणि जुलै २०२४ मध्ये जमीन हादरली. नांदेडकरांनी ते धक्के अनुभवले.

म्हणून बांधकामाची परवानगी देताना केवळ कर व हद्द पाहू नका. पात्र अभियंत्याचा आराखडा मागा. सळ्या किती टन घातल्या, हे घरमालक अभिमानाने सांगतो. रिंगा कशा वळविल्या, हे कोणी विचारीत नाही. रिंगेची टोके काटकोनात सोडली, तर धक्क्यात ती उघडते आणि उभ्या सळ्या बाहेर फुगतात. टोके १३५ अंशांत आत, काँक्रीटच्या गाभ्यात वळवावीत. बीम कॉलमला मिळते त्याच्या वर-खाली रिंगा दाट बांधाव्यात. यास खर्च फारसा लागत नाही, गवंड्याचा वेळ मात्र लागतो, आणि तो वेळ त्याला मजुरीत धरून द्यावा लागतो.

गवंडी मंडळींना आज मुद्दाम बोलाविले आहे. बाहेर सळ्या आणि रिंगा मांडून ठेवल्या आहेत. माझे बोलणे थांबवून आता त्यांच्या हातून ती वळणी पाहू या.