पोत हरवली नाही, चोरीला गेली

मागच्या दिवाळीत आमच्या गटातल्या एका ताईची दीड तोळ्याची पोत एस.टी.त चढताना गर्दीत चोरीला गेली. गाडी सुटल्यावर गळ्याला हात लागला, तेव्हा कळलं. बिचारी चार दिवस कुणाशी बोलली नाही. घरचे म्हणतील, तुलाच सांभाळता आली नाही. बायांनो, चोरी चोरानं करायची आणि मान आपण खाली घालायची, हे कुठलं?

बैठकीत हप्ता भरताना तिला रडू फुटलं. मग आम्ही चौघी तिच्यासोबत पोलीस ठाण्यात गेलो. तिथले साहेब म्हणाले, "चोरी दुसऱ्या तालुक्यात झाली, तिकडं जा." पण १ जुलै २०२४ पासून लागू झालेला नवा कायदा, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, सांगतो की गुन्हा कुठंही घडो, कोणत्याही ठाण्यात फिर्याद देता येते. त्याला झिरो एफआयआर म्हणतात. हे ऐकल्यावर साहेबांनी 'गहाळ' असा दाखला लिहायला घेतला. इथं नीट लक्ष द्या. गहाळ म्हणजे आपल्याच हातून हरवलं. त्यावर चोरीचा गुन्हा दाखल होत नाही. आम्ही हललोच नाही. 'चोरी' असं लिहून घेतलं, ताईला वाचून दाखवलं, मगच तिनं सही केली. एफआयआरची प्रत फुकट मिळते, ती घेतल्याशिवाय उठू नका. फिर्याद घेतलीच नाही, तर लेखी तक्रार पोलीस अधीक्षकांना पोस्टानं पाठवा.

चार दिवस वाया गेले ते मात्र आमचं चुकलंच. उशीर का झाला, तेही फिर्यादीत लिहावं लागलं.

पक्की पावती ताईकडे नव्हती. सोनाराची वजन लिहिलेली चिठ्ठी होती, आणि पुतणीच्या हळदीतला फोटो, त्यात पोत ठळक दिसत होती. आता हॉलमार्कच्या दागिन्यावर अक्षरं-आकड्यांचा सहा खुणांचा नंबर कोरलेला असतो. तो भिंगातून बघून वहीत उतरवून ठेवा.

पाच महिन्यांनी चोर सापडला. पोत नव्हती, वितळवलेली लगड होती. तेव्हा ती चिठ्ठी कामी आली. कोर्टात अर्ज केल्यावर लगड सुपूर्तनाम्यावर मिळाली: विकायची नाही, मोडायची नाही, कोर्टानं मागितली की हजर करायची. ताईनं ती डबीत ठेवलीय. गळ्यात सध्या नुसते काळे मणी आहेत, पण विचारणाऱ्याला ती आता सगळं सांगते.